पाण्याखालचे पाते : नव्या बनावटीची परीक्षा

(उमरखेड येथे शिक्षक, पंचायत सदस्य व विस्तार कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

उमरखेड तालुक्याला पैनगंगेचा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. एका काठावर विदर्भ आणि दुसऱ्या काठावर मराठवाडा अशी ही नदी. वरच्या अंगाला, पुसद तालुक्यात, ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे इसापूर धरण, तर खालच्या अंगाला सहस्रकुंडाचा धबधबा. भर पावसाळ्यात डोंगा पैलतीरी नेणारा नावाडी मागे उभा राहून वल्हे पाण्यात तिरपे धरतो आणि डोंग्याचे तोंड हवे तिकडे वळते, हे दृश्य जुन्या पिढीतील अनेकांनी पाहिलेले आहे. पाण्यात तिरपी धरलेली एक फळी एवढ्या मोठ्या वजनाला दिशा कशी देते, हा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडतो. प्रस्तुत विवेचन त्या फळीच्या एका धाकट्या भावंडाविषयी, म्हणजे वॉटर स्कीच्या तळाशी बसविलेल्या पात्याविषयी आहे. खेळाडू त्याला फिन म्हणतात. माशाचा पर हाच त्याचा मूळ आदर्श होय.

वॉटर स्की म्हणजे मोटारनौकेने ओढलेल्या दोराची मूठ धरून, पायाला बांधलेल्या फळीवर उभे राहून पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकत जाणे. या खेळाचा आरंभ १९२२ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील लेक पेपिन या जलाशयावर झाला. राल्फ सॅम्युअलसन हा अठरा वर्षांचा तरुण बर्फावर घसरता येते तर पाण्यावर का नाही, या विचाराने पछाडलेला होता. प्रथम त्याने पिंपाच्या लाकडी पट्ट्या पायाला बांधून पाहिल्या. त्या बुडाल्या. नंतर बर्फावरच्या स्की वापरून पाहिल्या. त्याही निरुपयोगी ठरल्या. अखेरीस आठ फूट लांब व नऊ इंच रुंद अशा देवदारी फळ्या विकत घेऊन त्याने त्यांची टोके आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून मऊ केली व वर वाकविली. तरीही तो पुन्हा पुन्हा पाण्यात पडतच राहिला. फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवून शरीराचा भार मागे टाकावयाचा, ही युक्ती सापडल्यावरच तो उभा राहिला. त्याने या शोधाचे पेटंट घेतले नाही. ते १९२५ मध्ये फ्रेड वॉलर यांनी आपल्या बनावटीसाठी घेतले. या हकीकतीत साधन आणि ते वापरणाऱ्याचे कसब हे दोन्ही एकाच वेळी बदलत गेले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. यशाचे श्रेय फळीला किती आणि पायांना किती, याचा हिशेब सॅम्युअलसनला करावा लागला नाही. आजच्या खेळाडूला मात्र तो करावाच लागतो.

कारण आजचा स्लालम हा प्रकार विलक्षण काटेकोर झालेला आहे. यात खेळाडूच्या दोन्ही पायांखाली एकच स्की असते. पाण्यावर २५९ मीटर लांबीचा मार्ग आखलेला असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने सहा बोये तरंगत असतात. प्रत्येक बोया मार्गाच्या मध्यरेषेपासून ११.५ मीटर दूर असतो. नौका मध्यरेषेवरून सरळ जाते. खेळाडूने मात्र डावीकडे-उजवीकडे झेपावत प्रत्येक बोयाला बाहेरून वळसा घालावयाचा असतो. पुरुषांसाठी नौकेचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर व स्त्रियांसाठी ५५ किलोमीटर असतो. ५८ किलोमीटरच्या वेगाने हा संपूर्ण मार्ग १६ सेकंदांत संपतो, म्हणजे एका बोयामागे अडीच सेकंदांच्या आसपास अवधी मिळतो. सहाही बोये साधले की दोर आखूड केला जातो : १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५ आणि त्याहूनही कमी. या शेवटच्या आकड्यापाशी क्षणभर थांबावे. बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर आणि दोर ११.२५ मीटरचा! दोर पूर्ण आडवा ताणला गेला तरी त्याची मूठ बोयापर्यंत पोहोचत नाही. खेळाडूला आपले अंग जवळजवळ पाण्यावर आडवे टाकून, हात लांबवून, स्की बोयापलीकडे न्यावी लागते. त्या क्षणी त्याचा सारा तोल स्कीच्या मागील टोकाखालील पात्यावर विसंबून असतो.

हे पाते दिसावयास अगदी सामान्य असते. बहुधा ॲल्युमिनियमचा पत्रा, लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, पाण्यात उतरणारी खोली सुमारे ६ सेंटिमीटर. स्कीच्या तळाला असलेल्या खाचेत ते बसते आणि वरून स्क्रूंनी आवळले जाते. क्षेत्रफळ म्हणाल तर तळहाताएवढेच. एवढ्याशा पत्र्याने काय साधावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे आणि वाहत्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ढोबळ गणित मांडून पाहावे. ताशी ५८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६ मीटर, या वेगाने येणारे पाणी १०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर समोरून थडकले, तर त्याचा दाब सुमारे १३० किलो वजनाइतका होईल. पाते प्रवाहाला थोडेसेच तिरपे असते, म्हणून त्यातील तिसरा-चौथा हिस्साच आडव्या रेट्याच्या रूपाने मिळतो असे धरले, तरी ३० ते ४० किलोंचा रेटा झाला. एवढ्या बळाने ते स्कीचे शेपूट बाजूला घसरू देत नाही.

मात्र सारे कौशल्य पुढेच आहे. पात्याने शेपूट फार घट्ट धरले तर स्की वळतच नाही, सरळ धावत राहते. फार सैल धरले तर वळणावर शेपूट निसटते आणि खेळाडू आपटतो. वळताना शेपटाने थोडेसे, आणि थोडेसेच, सरकले पाहिजे. पाते प्रवाहाला मर्यादेपेक्षा अधिक तिरपे झाले तर पाणी त्याच्या पाठीवरून सुटते आणि आधार एकाएकी नाहीसा होतो. विमानाच्या पंखाच्या बाबतीत वैमानिक ज्या धोक्याला भितात, तोच हा धोका पाण्यातला.

पाण्यावरील फळीला पाते जोडण्याची कल्पना लाटांवर स्वार होणाऱ्यांनीही स्वतंत्रपणे अजमावली होती. टॉम ब्लेक यांनी १९३५ मध्ये हवाई बेटावर एका टाकून दिलेल्या वेगवान नौकेच्या तळाचा धातूचा पत्रा आपल्या फळीखाली बसविला, आणि लाटेच्या उतारावर फळीचे शेपूट निसटण्याची जुनी तक्रार संपली. महाराष्ट्राच्या अधिक जवळचे उदाहरण नौकानयनाचे आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे दुष्काळी टापूतील गाव. तेथील दत्तू भोकनळ लष्करात भरती झाल्यावर नौकानयन शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्पर्धेत तेराव्या स्थानावर आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदकाचे मानकरीही ठरले. पाण्याच्या खेळाला पाण्याच्या काठीच जन्मावे लागते असे नाही, हे त्यांच्याकडे पाहून म्हणता येते. त्यांच्या त्या अरुंद, लांबलचक नौकेच्या तळाशीही एक लहानसे पाते असते आणि ते नौकेला सरळ ठेवते. मात्र २००० मीटरचे अंतर सुमारे सात मिनिटांत कापणाऱ्या नौकेचा वेग सेकंदाला पाच मीटरहून कमीच. स्लालम खेळाडूच्या स्कीखाली तेवढ्याच क्षेत्राच्या पात्यावर पडणारा रेटा त्याच्या अकरा पटींच्या आसपास जातो. म्हणून नौकानयनात पाते एकदा बसविले की सहसा विसरले जाते, तर स्लालममध्ये त्याची चर्चा कधी संपतच नाही.

ही चर्चा कशाची? पात्याची लांबी, खोली आणि स्कीच्या मागील टोकापासूनचे अंतर ही तीन मापे मुख्य. त्याखेरीज पात्याला दोन्ही बाजूंनी आडवे छोटे पंख जोडतात. त्यांचा कल साधारण ७ ते ९ अंश ठेवतात, म्हणजे वळणापूर्वी स्कीचा वेग थोडा आवरला जातो. ही मापे व्हर्नियर कॅलिपरने घेतली जातात आणि एका वेळचा बदल इंचाच्या हजारांश भागांत मोजला जातो. इंचाचे पाच सहस्रांश म्हणजे एक दशांश मिलिमीटरहून थोडेसे अधिक. शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियरवर वाचता येणारे सर्वांत लहान माप तेवढेच असते. नव्या बनावटीत यापुढे जाऊन पात्याची आकृतीच बदलली जाते. कोणी पुढील कड अधिक तिरकी करतो, कोणी खालचा कोपरा गोल करतो, कोणी मध्ये छिद्रे ठेवतो, कोणी ॲल्युमिनियमऐवजी कार्बन तंतूंचे पाते बनवितो.

प्रत्येक नव्या बनावटीबरोबर तिचे गुणगान करणारे येतातच. गंमत अशी की, पाते अमुक इतके खोल केले तर काय होईल, याबद्दल दोन अनुभवी खेळाडू कित्येकदा परस्परविरुद्ध मते देतात आणि दोघेही स्वानुभवाचा दाखला देतात. दोघेही खोटे बोलत नसतात. एकाचे वजन जास्त असते, दुसऱ्याची स्की अधिक लवचीक असते, तिसऱ्याची उभे राहण्याची ढब निराळी असते. खेडेगावातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. नांगराचा लांब दांडा जुवाला कोठे बांधावयाचा, यावर फाळ किती खोल जाणार हे ठरते. तोच नांगर काळ्या कसदार रानात एका बांधणीने चालतो आणि बरड रानात दुसऱ्या.

मग नव्या पात्याची परीक्षा करावी तरी कशी? नेहमी घडते ते असे. खेळाडू नवे पाते उत्साहाने बसवितो, सकाळच्या शांत पाण्यात ताज्या दमाने उतरतो आणि एक बोया अधिक साधतो. तो परत येतो तो पात्याची स्तुती करीतच. काही दिवसांनी आकडे पूर्ववत होतात. तोवर जुने पाते कोणाला तरी देऊन टाकलेले असते. सुधारित अवजारांच्या प्रात्यक्षिकांची ज्यांना माहिती आहे त्यांना यात नवे काही वाटू नये. प्रात्यक्षिकासाठी गावातील सर्वांत चांगली बैलजोडी आणि सर्वांत भुसभुशीत रान निवडले, तर नवे अवजार नेहमीच जिंकते. पुढे ते पंचायत समितीच्या गोदामात पडून राहिले की दोष मात्र शेतकऱ्याच्या अनास्थेला दिला जातो. हा दोष कित्येकदा परीक्षेचा असतो.

या बाबतीत महाराष्ट्राच्याच एका सुपुत्राचे काम मार्गदर्शक आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांना यादृच्छिक निवडीचा पाया दिला. कोणत्या शेतात आणि शेताच्या कोणत्या तुकड्यात कापणी करून उत्पन्न मोजावयाचे, हे कर्मचाऱ्याच्या नजरेवर न सोडता आकड्यांच्या सोडतीवर सोपविले गेले. कारण नजर, अगदी प्रामाणिक माणसाचीही नजर, नकळत चांगल्या पिकाकडे वळते. येथे उपस्थित असलेल्यांपैकी ज्यांनी हे प्रयोग घेतले आहेत त्यांना बांधावर उभे राहून सोडतीचा आकडा पाळणे किती जिवावर येते, हे ठाऊक आहे. समोर डोलणारे पीक सोडून कोपऱ्यातील विरळ पिकात खुंट्या ठोकाव्या लागतात.

पात्याच्या परीक्षेलाही हाच नियम लावता येतो. प्रथम जुन्या पात्याची तिन्ही मापे कागदावर नोंदवून ठेवावीत, म्हणजे परतीची वाट मोकळी राहते. स्की, नौका, चालक, वेग आणि दोराची लांबी तीच ठेवावी. पंखांचा कल त्याच वेळी बदलू नये. नंतर फेऱ्यांचा क्रम लावावा : जुने, नवे, नवे, जुने. चौथ्या फेरीपर्यंत खेळाडू थकतो. जुने पाते आधी आणि नवे नंतर असा सरळ क्रम ठेवला तर थकव्याचे माप नव्याच्या पदरात पडते. उलट ठेवला तर जुन्याच्या. वरील क्रमात पहिली व चौथी फेरी एकाला आणि दुसरी व तिसरी दुसऱ्याला मिळते, त्यामुळे थकवा दोघांत जवळजवळ सारखा वाटला जातो. दुसऱ्या दिवशी नव्याने आरंभ करावा की जुन्याने, हे नाणे उडवून ठरवावे. शक्य झाल्यास पाते बसविण्याचे काम दुसऱ्याने करावे आणि स्कीचे शेपूट फडक्याने झाकून ती खेळाडूच्या हाती द्यावी. नवे पाते आहे या कल्पनेनेच मनुष्य अधिक धीटपणे वाकतो, आणि हा धीटपणा पात्याच्या नावावर जमा होता कामा नये.

समजा, दोन दिवसांत प्रत्येक पात्याला चार फेऱ्या मिळाल्या. जुन्याने साधलेले बोये ३, ४, अडीच आणि साडेतीन. नव्याने साधलेले साडेचार, २, साडेतीन आणि ३. चावडीवर चर्चा होईल ती साडेचारची, कारण सर्वांत मोठा आकडा नव्याचा आहे. बेरीज केली तर दोन्हींकडे १३ च येतात. शिवाय नव्याचे आकडे अधिक वर-खाली होतात. ज्याला एका मोठ्या झेपेने विक्रम करावयाचा आहे त्याने कदाचित नवे घ्यावे. ज्याला प्रत्येक स्पर्धेत खात्रीने ठरावीक बोये साधावयाचे आहेत त्याने जुनेच ठेवावे. अर्थात चार फेऱ्यांवरून एवढेही ठामपणे म्हणणे धाडसाचे होईल. आणखी आठ-दहा फेऱ्या घ्याव्या लागतील.

पाण्याच्या तपमानाची नोंद विशेष अगत्याची आहे. २० अंश सेल्सिअसपासून ३० अंशांपर्यंत पाणी तापले की त्याची घनता अगदी किंचित घटते, परंतु चिकटपणा सुमारे एक पंचमांशाने कमी होतो. जानेवारीतील जुन्या पात्याची मेमधील नव्या पात्याशी तुलना केली तर ती पात्यांची तुलना न राहता ऋतूंची होते. नौकेच्या वेगाचेही तसेच. एके काळी तो चालकाच्या हातावर अवलंबून असे. आता उपग्रहाच्या साहाय्याने वेग राखणारी यंत्रणा नौकेत बसवितात. हा सुधार होईपर्यंत पात्यातील सूक्ष्म बदलाचा परिणाम चालकाच्या हाताच्या चुकीत बुडून जात असला पाहिजे.

शिक्षकांना याचा प्रयोग शाळेतच करता येईल. त्यास नौकाही नको आणि जलाशयही नको. सुमारे ३० सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद अशी हलकी फळी घ्यावी. तिच्या तळाला मध्यरेषेवर मागे एक आणि पुढे एक अशी दोन खाचा पाडाव्यात. रिकाम्या डब्याच्या पत्र्याची छोटी पट्टी कापून, कडा कानशीने घासून, ती खाचेत घट्ट बसेल अशी करावी. हौदाच्या एका टोकाला दोन खिळ्यांमध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणावी आणि दर वेळी तेवढीच मागे ओढून फळी सोडावी. ओढण्याचे माप खडूच्या रेघेने निश्चित करावे. पाते नसताना फळी थोडे अंतर गेल्यावर आडवी होऊ लागते. मागील खाचेत पाते बसविले की ती बऱ्याच सरळ रेषेत जाते. तेच पाते पुढील खाचेत बसविले तर ती पूर्वीपेक्षाही लवकर फिरते. पत्रा तोच, पाणी तेच, केवळ जागा बदलली. बाणाला पिसे मागे का असतात, याचे उत्तर विद्यार्थ्यांना हौदाच्या काठावरच मिळते. त्यानंतर दोन वेगळ्या आकाराची पाती करून जुने-नवे-नवे-जुने या क्रमाने सोडावीत आणि फळी मध्यरेषेपासून किती सेंटिमीटर ढळली ते एका विद्यार्थ्याने मोजावे. मोजणाऱ्याला कोणते पाते लावले आहे ते सांगू नये. मुलांना या प्रयोगासाठी कालव्यावर मात्र नेऊ नये. कालव्याच्या अस्तर केलेल्या, निसरड्या उतारावरून पाण्यात पडलेले मूल स्वतःहून वर येऊ शकत नाही.

जलाशयाकाठच्या पंचायतींकडे पुढेमागे मोटारनौकांच्या खेळांचे प्रस्ताव येऊ शकतात. तेव्हा साधनांच्या नवेपणाआधी माणसांच्या प्रशिक्षणाची विचारणा व्हावी. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था नौकाचालन आणि जीवरक्षण यांचे प्रशिक्षण देते. चालकाखेरीज मागे खेळाडूवर लक्ष ठेवणारा दुसरा माणूस नौकेत असणे, प्रत्येकाच्या अंगावर तरंगजाकीट असणे, मासेमारांची जाळी व पाण्याखालील बुडालेली झाडे यांची जागा चालकास ठाऊक असणे, या गोष्टी मंजुरीच्या कागदावर नव्हे तर काठावर उभे राहून तपासाव्यात. खुद्द पात्यालाही धारदार कडा असते. स्की उचलताना आणि पडलेल्या खेळाडूजवळ नौका नेताना ती विसरून चालत नाही.

परीक्षेची वही साधीच असावी. तारीख, वेळ, पाण्याचे तपमान, वारा, दोराची लांबी, पात्याची तिन्ही मापे आणि साधलेले बोये एवढे रकाने पुरतात. शेरा लिहिण्याचा रकाना सर्वांत शेवटी ठेवावा आणि तो त्या दिवशीच्या सर्व फेऱ्या संपल्यावरच भरावा.